अश्वाची कांती : आरोग्याचा आरसा

पुण्याच्या शनिवार पेठेत शनिवारवाड्यासमोर थोरल्या बाजीराव पेशव्यांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याची पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांती झाली. पुढील काळात मराठी राज्याच्या कारभाराची सूत्रे येथून हलू लागली. त्या राज्याचा विस्तार ज्यांच्या पाठीवरून झाला, ते घोडे आता या पेठेत अभावानेच दिसतात. जे दिसतात ते बहुधा लग्नाच्या वरातीत, झूल, तुरा आणि मण्यांच्या माळा यांनी मढविलेले. वरातीतील मंडळींचे लक्ष त्या साजाकडे जाते. साजाखालील घोडा कसा आहे, त्याच्या अंगावरील केस कसे आहेत, इकडे फारच थोड्यांची दृष्टी वळते.

वास्तविक घोड्याच्या प्रकृतीची पहिली साक्ष त्याच्या कांतीतच मिळते. निरोगी घोड्याचे केस आखूड, मऊ, अंगाला चिकटून बसलेले आणि तुकतुकीत असतात. आहारात न्यून राहिले, पोटात जंत झाले किंवा एखादा आजार मुरू लागला, की तेच केस रखरखीत, निस्तेज आणि पिंजारल्यासारखे दिसू लागतात. हा बदल एका दिवसात घडत नाही. घोड्याची कांती म्हणजे त्याच्या मागील काही आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या पोषणाचे टिपणच होय. ते वेळीच वाचता आले तर उपाय सोपा आणि अल्पखर्चाचा ठरतो. वाचले गेले नाही, तर कष्टकरी कुटुंबाचे उपजीविकेचे साधन हातचे जाते आणि काही प्रसंगी माणसाच्या आरोग्यालाही धोका पोहोचतो.

चंदीचा हिशेब

घोड्याच्या दाण्याला मराठीत ‘चंदी’ असा स्वतंत्र शब्द आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पागा, मोतद्दार, खरारा, शिलेदार, बारगीर या शब्दांबरोबर तो वाढला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर स्वार होणारा तो बारगीर. दोघांचीही उपयुक्तता अखेर घोड्याच्या पोटावर अवलंबून होती.

१६७० च्या दशकात शिवछत्रपतींनी चिपळूण भागातील छावणीच्या अंमलदारांना पाठविलेले पत्र इतिहासप्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण हिशेबाने खर्च करावी, आज मनास येईल तशी उधळली तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष अंमलदारांकडेच येईल, असा त्या पत्राचा आशय आहे. छावणीत वैरण संपली, की लष्कराचा उपद्रव रयतेला होतो, हेही त्यात बजावले आहे. पशुपोषण हा केवळ तबेल्याचा प्रश्न नसून तो राज्यकारभाराचा प्रश्न आहे, ही जाण या पत्रातून व्यक्त होते.

१७२८ मधील पालखेडच्या मोहिमेत बाजीरावांच्या घोडदळाने जलद हालचालींच्या बळावर निजामाला कोंडीत पकडले. याच्या उलट अनुभव पानिपतावर आला. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपूर्वी मराठ्यांच्या छावणीची रसद तुटली होती. माणसांबरोबर घोड्यांचीही उपासमार झाली आणि क्षीण झालेल्या जनावरांनिशी सैन्याला रणांगणात उतरावे लागले. पराभवाची कारणे अनेक असली, तरी दाणावैरणीचा तुटवडा हे त्यांपैकी एक ठळक कारण होते.

त्या घोडदळात भीमा नदीच्या खोऱ्यातील काटक भीमथडी तट्टांचा मोठा भरणा होता. महाराष्ट्राच्या राज्यगीतात त्यांचा उल्लेख आहे आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे भीमथडी ही स्वतंत्र अश्वजात म्हणून नोंदली गेली आहे. आज ही तट्टे प्रामुख्याने मेंढपाळ धनगर कुटुंबांकडे आहेत. मेंढरांच्या मागे गावोगाव फिरताना त्यांचा संसार या तट्टांच्या पाठीवर असतो. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथे पर्यटकांना फिरविणारे आणि शहरांतून वरातीसाठी भाड्याने दिले जाणारे घोडेही बहुतांशी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचेच असतात. शिलेदाराचे जे होते तेच यांचे आहे. घोडा बसला की घर बसले.

कांती कशी घडते?

केस हा मुख्यतः प्रथिनांचा बनलेला असतो. आहारात पुरेशी आणि चांगल्या प्रतीची प्रथिने नसतील, तर शरीर उपलब्ध प्रथिने आधी हृदय, स्नायू, रक्त यांच्याकडे वळविते. त्वचा आणि केस यांचा क्रम शेवटी लागतो. त्यामुळे कमतरता अन्यत्र जाणवण्यापूर्वी ती कांतीवर उमटते. केसांची वाढ खुंटते, ते ठिसूळ होतात आणि जुने केस गळण्यास विलंब लागतो.

केसांना चकाकी येते ती त्वचेतील तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या स्निग्ध द्रव्यामुळे. हे द्रव्य केसांवर पसरून त्यांना सपाट ठेवते आणि पाणी झटकण्यास मदत करते. आहारातील स्निग्धांश अपुरा असेल, तर त्वचा कोरडी पडून कोंडा धरते. जस्त हे खनिज त्वचेच्या बांधणीस आवश्यक असते. तांबे हे रंगद्रव्य तयार होण्यास लागते. त्याच्या अभावी काळ्या किंवा तांबूस घोड्याचा रंग विटल्यासारखा दिसतो. अर्थात कडक उन्हाने आणि वाळलेल्या घामानेही रंग फिका पडतो, म्हणून केवळ रंगावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

घोड्याच्या अंगावरील केस वर्षातून दोनदा बदलतात. हा बदल मुख्यतः दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. हिवाळ्यापूर्वी केस दाट होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी ते झडून आखूड, तकतकीत केस येतात. म्हणून हिवाळ्यात केस थोडे लांब दिसले, तर ते आजाराचे लक्षण मानू नये. परंतु उन्हाळा सुरू होऊनही जुने केस अंगावर पुंजक्यांनी राहिले असतील, तर कारणाचा शोध घ्यावा. म्हाताऱ्या घोड्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या विकारामुळेही केस लांब, कुरळे होतात आणि झडत नाहीत.

आहार : काय द्यावे, काय टाळावे

घोडा रवंथ करणारा प्राणी नाही. त्याचे पोट लहान असते आणि चाऱ्याचे पचन मुख्यतः मोठ्या आतड्यात होते. त्यामुळे त्याला थोडे थोडे, पण दिवसातून अनेक वेळा खाणे मानवते. साधारणतः वजनाच्या दोन ते अडीच टक्के इतका कोरडा आहार त्याला दररोज लागतो. अडीचशे किलो वजनाच्या तट्टाला या हिशेबाने पाच ते सव्वासहा किलो आहार होतो आणि त्यातील मोठा वाटा वैरणीचाच असावा लागतो. हिरव्या चाऱ्यात पाण्याचा अंश बराच असल्याने तो याहून कितीतरी अधिक वजनाचा द्यावा लागतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात ज्वारीच्या कडब्यावर जनावरे काढण्याची पद्धत आहे. कडब्याने पोट भरते, परंतु त्यात प्रथिने आणि खनिजे कमी असतात. दीर्घकाळ साठविलेल्या वैरणीत अ जीवनसत्त्वाचा अंश फारसा उरत नाही. हिरवे गवत, हरळी, लसूणघास यांपैकी जे मिळेल ते थोडे तरी रोज दिल्यास ही उणीव भरून निघते. कुळीथ किंवा हरभरा यांची भिजविलेली चंदी प्रथिनांसाठी उपयुक्त असते. शिजविलेले जवस अल्प प्रमाणात दिल्याने स्निग्धांश मिळतो आणि केसांना तजेला येतो. मीठ मात्र वर्षभर हवे, कारण घोड्याच्या घामातून ते मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते. पाण्याची गरज दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर असते. मोठ्या घोड्याला, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी ती आणखी वाढते.

येथे दोन गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. घोडा खंगला की एकदम भरपूर दाणा द्यावा, असे मानले जाते. अचानक वाढविलेल्या दाण्याने पोटशूळ उठतो किंवा खुरांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होतो. चंदीतील प्रत्येक बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावयास हवा. दुसरा गैरसमज कोंड्याविषयी आहे. गव्हाचा कोंडा स्वस्त आणि घोड्याला आवडणारा असला, तरी त्यात स्फुरद फार आणि चुना फार कमी असतो. केवळ कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे कालांतराने दुबळी होतात.

सुबाभळीसंबंधी विशेष सावधगिरी बाळगावी. शेळ्या आणि गुरे यांना मर्यादित प्रमाणात चालणारा हा पाला घोड्याला बाधतो. त्यातील मिमोसीन नावाच्या विषारी घटकामुळे घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात. बांधावर सुबाभूळ असलेल्या गावात तट्टाची आयाळ विरळ होऊ लागली, तर प्रथम त्याच्या चाऱ्याकडे पाहावे.

केस जेव्हा आजार सांगतात

खाणे पुरेसे असूनही कांती सुधारत नसेल, तर ते खाणे अंगी का लागत नाही, हे पाहिले पाहिजे. सर्वांत सामान्य कारण म्हणजे जंत. पोट सुटलेले, पाठ मात्र उतरलेली आणि केस राठ, असे रूप जंतांनी ग्रासलेल्या शिंगरात वारंवार आढळते. लिदीची तपासणी करून जंतांचे प्रमाण कळते आणि त्यानुसार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध देता येते. तपासणीवाचून पुनःपुन्हा औषध पाजत राहिल्यास जंतांवर त्याचा परिणाम होईनासा होतो.

दुसरे कारण दात. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि पुढे सरकत असतात. झीज विषम झाली की दाढांना धारदार कडा येतात, गाल सोलतात आणि अर्धवट चघळलेला चारा तोंडातून खाली पडू लागतो. अशा घोड्याला कितीही चारले, तरी तो खंगतच जातो. दाढा कानशीने सारख्या करून घेणे, हाच त्यावरील उपाय होय.

उवा, गोचीड, खरूज, गजकर्ण यांमुळे केस विशिष्ट जागी झडतात. पावसाळ्यात सतत भिजणाऱ्या घोड्याच्या पाठीवर खपल्या धरून केसांचे झुपके निघतात. कोरडा निवारा आणि स्वच्छता यांनी हा त्रास बराच टळतो. घोडमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या सर्रा या रोगात ताप येतो-जातो, रक्त कमी होते, पोटाखाली आणि पायांवर सूज येते आणि भूक टिकून असूनही घोडा वाळत जातो. अशा वेळी निस्तेज कांतीबरोबर हिरड्याही फिकट दिसतात.

या सर्वांत गंभीर रोग ग्लँडर्स हा होय. नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आतील भागात व्रण, अंगावर आणि विशेषतः पायांवर गाठी येऊन त्या फुटणे, ही त्याची लक्षणे आहेत. हा रोग माणसालाही होतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. २००६ मध्ये पुणे आणि पाचगणी परिसरातील घोड्यांत त्याचा प्रादुर्भाव आढळला होता. रोगनिदानासाठी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची मदत घेतली जाते. बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला शास्त्रीय पद्धतीने मारणे आणि त्याच्या सहवासातील जनावरांची तपासणी करणे, हाच मार्ग स्वीकारावा लागतो. अंगावरच्या गाठीला साधे गळू समजून झुलीखाली झाकणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येईल.

साज आणि सत्य

बाजारातील चकाकी नेहमीच खरी नसते. विक्रीपूर्वी घोड्याला तेल चोळून तुकतुकीत करण्याची युक्ती जुनी आहे. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारात खरेदी करणाराने म्हणूनच केवळ पुठ्ठ्यावरील चमक पाहू नये. पोटाखाली, मांड्यांच्या आत आणि आयाळीच्या मुळाशी हात फिरवावा. वरून लावलेले तेल बोटांना लागते आणि त्याखालील कोंडा लपत नाही. निरोगी कातडी मऊ आणि हलती असते, ती बरगड्यांना चिकटलेली नसते.

खराऱ्याचे महत्त्व मात्र खरेच आहे. नियमित खरारा केल्याने मळ, सुटे केस आणि वाळलेला घाम निघून जातो, त्वचेतील स्निग्धांश सर्वत्र पसरतो आणि मुख्य म्हणजे जखम, गाठ, गोचीड रोजच्या रोज हाताला लागते. परंतु खरारा हा चंदीला पर्याय होऊ शकत नाही. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या जुन्या कोड्याचे ‘न फिरविल्याने’ हे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. आठवडाभर खुंट्याला बांधून मुहूर्ताच्या दिवशी तासन् तास राबविलेल्या घोड्याला ते आजही लागू पडते. रोजचा माफक व्यायामही कांतीला आवश्यक आहे.

पाठीवरील पांढऱ्या केसांचे ठिपके आणखी एक गोष्ट सांगतात. खोगिराच्या दाबाने केसांच्या मुळांना इजा झाली, की त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरण्यासाठी वापरतो. घोड्याच्या दृष्टीने मात्र खोगिरातील भरण चांगले असणे ही अत्यंत महत्त्वाची बाब आहे.

केसांच्या जोडीने शरीराची भरणही पाहावी. अमेरिकेत डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये यासाठी एक ते नऊ अंकांची श्रेणी प्रसिद्ध केली. मान, खांदा, खांद्यामागील उंचवटा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ या सहा जागा पाहून आणि चाचपून अंक ठरविला जातो. मध्यम, म्हणजे पाच अंकाच्या घोड्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडल्यास ती तत्काळ पूर्ववत व्हावी. तशीच उभी राहिल्यास शरीरात पाणी कमी पडले आहे, असे समजावे. शाळेतील विद्यार्थ्यांनाही ही निरीक्षणे घोड्याच्या मालकाच्या देखत शिकविता येतील.

कायदा आणि कर्तव्य

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार आजारी, जखमी किंवा अशक्त जनावराला कामाला जुंपणे, तसेच मालकाने त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवरील ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो ठरविली आहे. जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक किंवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तेव्हा दुपारी १२ ते ३ या वेळात त्यांना कामाला लावण्यास मनाई आहे.

सांसर्गिक रोगांसंबंधी २००९ च्या केंद्रीय अधिनियमाने ग्रामपंचायतीवरही जबाबदारी टाकली आहे. अनुसूचित रोगाचा संशय असलेल्या जनावराची माहिती मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीच्या प्रभारीला द्यावयाची असून ती पुढे जवळच्या पशुवैद्यकाला लेखी कळविण्याची तरतूद आहे. ग्लँडर्सचा समावेश या रोगांत होतो. भटकंती करणारी कुटुंबे गावात चार दिवस उतरतात आणि पुढे जातात. त्यांच्या तट्टांकडे पाहणारा, त्यांना पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट दाखविणारा माणूस बहुधा पंचायतीचा सदस्य किंवा शाळेचा शिक्षकच असू शकतो. दंडाचा धाक घातल्यास मालक आजार लपवितो. तपासणीची सोय आणि चाऱ्याविषयीचा सल्ला आपुलकीने मिळाला, तर तो स्वतःहून पुढे येतो. मुक्कामाच्या जागी स्वच्छ पाण्याची सोय करून देणे, जंतांच्या तपासणीसाठी ठरावीक दिवस ठेवणे आणि वरातीसाठी घोडा ठरविताना साजाआधी त्याची पाठ पाहण्याची सवय लावणे, ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत.

दरवर्षी संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात रिंगणात धावणारे अश्व पाहण्यासाठी हजारो भाविक वाटेवर उभे राहतात. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणाऱ्या या अश्वांच्या टापांखालची माती कपाळी लावली जाते. ज्या समाजात घोड्याला असा मान आहे, त्या समाजाने गावाबाहेरच्या माळावर बांधलेल्या निस्तेज तट्टाकडेही त्याच दृष्टीने पाहावे, ही अपेक्षा वावगी नाही. त्या तट्टाला बोलता येत नाही. परंतु त्याच्या अंगावरचा प्रत्येक केस त्याची स्थिती सांगत असतो. ती वाचण्यास डोळे आणि हात एवढेच पुरेसे आहेत.